चित्र बदलले, नाव तेच राहिले

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका गृहिणीने तक्रार केली होती की, नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाणी सोडण्याच्या वेळा महिना उलटला तरी जुन्याच दिसतात. चारच दिवसांनी कार्यालयाचा खुलासा छापून आला की, वेळापत्रक पहिल्याच दिवशी बदलण्यात आले आहे. दोघांपैकी एक जण खोटे बोलत आहे, असे वाचकांना वाटले असल्यास नवल नाही. मी गेली बारा वर्षे तालुक्याच्या गावी पतसंस्था, शाळा आणि देवस्थाने यांची संकेतस्थळे बनवून सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की, दोघेही खरे बोलत असण्याचीच शक्यता अधिक आहे. अशी वेळापत्रके बहुधा कागद स्कॅन करून चित्र म्हणून चढवलेली असतात. कार्यालयाने ते चित्र बदलले असेल, आणि त्या बाईंच्या मोबाइलवर ते बदललेले दिसतही नसेल.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून, म्हणून ती चूक आधी सांगतो. एका शाळेचे संकेतस्थळ माझ्याकडे आहे. तिथे दहावीच्या सराव परीक्षेचे वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी कागदावर निघते, लिपिक ते स्कॅन करून मला पाठवतात आणि मी ते चित्र म्हणून चढवतो. एका वर्षी ऐन वेळी गणित आणि विज्ञान यांच्या दिवसांची अदलाबदल झाली. मी जुन्या चित्राच्या जागी त्याच नावाने नवे चित्र ठेवले, वर लाल अक्षरांत 'सुधारित वेळापत्रक' असे टंकले, माझ्या संगणकावर एकदा पाहून घेतले आणि निर्धास्त झालो. चार दिवसांनी एक मुलगी कंपासपेटी घेऊन गणिताच्या तयारीने वर्गात बसली आणि तिच्या हाती विज्ञानाची प्रश्नपत्रिका पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने आपला मोबाइल मुख्याध्यापकांच्या टेबलावर, शाळेच्या संगणकाच्या पडद्याशेजारी, उभा करून ठेवला. दोन्हीकडे तेच पान होते, तेच लाल शीर्षक होते; फक्त त्याखाली शाळेच्या पडद्यावर नवे चित्र होते आणि मोबाइलवर जुने. त्या माउलीने 'सुधारित' हा शब्द वाचूनच खालच्या वेळांवर विश्वास ठेवला होता. तिला दोष कसा द्यायचा?

घडले होते ते असे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारखा कोणताही ब्राउझर एकदा उतरवलेले चित्र आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ते पुन्हा मागवावे लागत नाही. या साठ्याला कॅशे म्हणतात. (माझी बरीच गिऱ्हाइके याला 'कॅश' म्हणतात आणि ती क्लिअर करायला सांगितले की आधी खिशाकडे हात नेतात, मूळ शब्द मात्र 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला असून संगणकाच्या जगात तो १९६८ च्या सुमारास आयबीएमच्या एका मोठ्या यंत्राबरोबर रूढ झाला.) ब्राउझर साठवलेले चित्र ओळखतो ते त्याच्या पत्त्यावरून, म्हणजे नावावरून, त्याच्या आत काय आहे ते पाहून नव्हे. घरातल्या डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी असली की आपण डबा न उघडता साखर आहे असे धरून चालतो, तसेच हे. वाण्याकडच्या पोत्यात काल काय बदलले, ते आपल्या फळीवरच्या डब्याला कळत नाही. मी सर्व्हरवरचे, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली जिथे ठेवलेल्या असतात त्या संगणकावरचे, चित्र बदलले होते, पण नाव तेच ठेवले होते; त्यामुळे ज्यांनी आदल्या आठवड्यात ते पान उघडले होते, त्यांच्या मोबाइलला नवे चित्र मागवण्याचे काही कारणच उरले नव्हते.

त्यातून माझ्या सर्व्हरवर कुठून तरी उतरवून घेतलेली एक ओळ होती, की चित्रे ३० दिवस ताजी समजावीत. सर्व्हर हे दिवसांत सांगत नाही, सेकंदांत सांगतो. 'कॅशे-कंट्रोल' नावाच्या सूचनेत 'मॅक्स-एज' म्हणून २५,९२,००० हा आकडा जातो. संकेतस्थळ जलद उघडावे यासाठी अशी ओळ टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि बोधचिन्ह किंवा इमारतीचा फोटो यांच्यापुरता तो योग्यही आहे. मी ती ओळ सरसकट सगळ्या चित्रांना लावली होती, ही माझी चूक. ब्राउझरला ३० दिवस विचारायला येऊ नकोस असे मीच सांगितले होते आणि तो बिचारा ते पाळत होता.

मग ही सूचना मुळीच दिली नाही तर प्रश्न सुटेल, असे कोणाला वाटेल. तसे होत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे ते ठरवणाऱ्या एचटीटीपी या नियमावलीतला साठवणुकीचा भाग आज आरएफसी ९१११ या २०२२ च्या दस्तऐवजात आहे. सर्व्हरने मुदत सांगितली नसेल तर ब्राउझरने स्वतः अंदाज करण्याची मुभा त्यात आहे, आणि त्या अंदाजाचे प्रचलित माप असे की, फाइल शेवटची बदलून जितका काळ लोटला त्याच्या एकदशांश काळ ती ताजी धरावी. शंभर दिवसांपूर्वी चढवलेले चित्र असेल तर दहा दिवस. यातली गंमत लक्षात घ्यावी: सूचना जितकी जुनी, तितका ब्राउझरचा तिच्यावरचा विश्वास दांडगा. जूनमध्ये लावलेले आणि सात महिने न हललेले वेळापत्रक जानेवारीत बदलले, तर आदल्या दिवशी ते पान पाहून गेलेल्या माणसाला जुनेच चित्र पुढचे वीसेक दिवस दिसू शकते. नेमकी जी सूचना लोकांच्या अंगवळणी पडली आहे, तीच बदलल्याचे त्यांना कळत नाही.

अशा वेळी कार्यालयांचे ठरलेले उत्तर असते, 'पान रिफ्रेश करा.' हे उत्तर आता निरुपयोगी होत चालले आहे. क्रोमच्या निर्मात्यांनी २०१७ च्या जानेवारीत जाहीर केले होते की, ५४ व्या आवृत्तीपासून साधे रिफ्रेश केल्यावर केवळ मुख्य पानाची फेरतपासणी होते. पानावरची चित्रे वगैरे मुदतीत असतील तर साठ्यातूनच घेतली जातात. वेग आणि डेटा वाचावा या हेतूने केलेला हा बदल चुकीचा नाही, पण बोटाने पान खाली ओढून ओढून दमलेल्या नागरिकाला ते कोण सांगणार? संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ ही बटणे एकत्र दाबली की साठा बाजूला ठेवून सगळे नव्याने मागवले जाते. मोबाइलवर असे बटण नाही. तिथे सेटिंगमध्ये खोलवर जाऊन साठवलेल्या इमेज आणि फाइल पुसाव्या लागतात, आणि त्या पुसण्याच्या नादात लगतच्या खुणा चुकून तशाच राहिल्या तर ब्राउझिंगचा इतिहास जातो, जिथे जिथे लॉगिन केलेले असेल तिथून माणूस बाहेर पडतो. सत्तर वर्षांच्या निवृत्तिवेतनधारकाला पाण्याची वेळ पाहण्यासाठी हे करायला लावणे म्हणजे दुकानदाराने पाटी बदलायची नाही आणि गिऱ्हाइकाला चष्मा बदलायला सांगायचे, असे आहे.

उपाय प्रसिद्ध करणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. चित्र बदलले की त्याचे नावही बदलावे. 'वेळापत्रक' या नावाने चढवण्याऐवजी 'वेळापत्रक-२०-जानेवारी' असे नाव द्यावे. दुसऱ्यांदा त्याच दिवशी बदलले तर पुढे आणखी एक आकडा. नवे नाव म्हणजे ब्राउझरच्या लेखी नवीच वस्तू. ती त्याच्या साठ्यात नसते, म्हणून ती मागवावीच लागते. नाव बदलणे अडचणीचे असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे आवृत्तीचा आकडा लिहिला तरी तोच परिणाम साधतो, आणि ज्यांचे संकेतस्थळ पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते त्यांना फाइल शेवटची केव्हा बदलली तो क्षण आपोआप त्या जागी घालणारी एक ओळ लिहिता येते, म्हणजे माणसाच्या विसराळूपणावर काही अवलंबून राहत नाही. मात्र नव्या नावाचा उल्लेख ज्या पानावर आहे, ते पान तरी ताजे असले पाहिजे. पानच जुने दिसत असेल तर त्यावर जुन्या चित्राचेच नाव असणार. तेव्हा पानासाठी 'दर वेळी विचारून घे' आणि त्यावरच्या नाव बदलणाऱ्या चित्रांसाठी 'वाटल्यास वर्षभर ठेव', अशी विभागणी करावी. या दुसऱ्या सूचनेत ३,१५,३६,००० सेकंदांचा आकडा बिनधास्त घालता येतो, कारण त्या नावाखालचे चित्र पुन्हा कधी बदलणारच नसते.

'दर वेळी विचारून घे' यासाठीच्या सूचनेचे इंग्रजी नाव 'नो-कॅशे' असे आहे आणि त्याने भल्याभल्यांची फसगत केली आहे. नावावरून वाटते की साठवूच नको. प्रत्यक्षात अर्थ आहे की साठव, पण वापरण्यापूर्वी मला विचार. मुळीच साठवू नको यासाठी 'नो-स्टोअर' ही वेगळी सूचना आहे, आणि ती बँकेच्या खातेउताऱ्यासारख्या खासगी पानांना शोभते. विचारून घेण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो. सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत 'ईटॅग' नावाची एक खूण देऊ शकतो. पुढच्या वेळी ब्राउझर तीच खूण दाखवून विचारतो की माझ्याकडे ही आहे, चालेल का. आणि फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे, 'बदल नाही' एवढेच सांगणारे उत्तर पाठवतो. हे उत्तर काहीशे बाइटांत मावते. आठशे किलोबाइटांचा स्कॅन केलेला कागद पुन्हा उतरवण्याच्या मानाने ते काहीच नाही.

इथे दोन चुकीच्या औषधांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण ती आमच्याच व्यवसायातले लोक देतात. पहिले म्हणजे पानाच्या डोक्यावर, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या सांकेतिक भाषेत लिहिलेले असते तिच्यात, साठवू नका अशा अर्थाच्या तीन मेटा ओळी चिकटवणे. त्या ओळी फार तर त्या पानाबद्दल काही सांगतील. चित्र ही स्वतंत्र मागणी असते, तिच्यासोबत सर्व्हर काय सूचना देतो तेवढेच ब्राउझर ऐकतो, आणि पानातल्या त्या ओळींचा चित्राला पत्ताही लागत नाही. दुसरे औषध रोगापेक्षा जालीम: प्रत्येक चित्राच्या पत्त्यामागे दर वेळी नवा यादृच्छिक आकडा लावणे. यात जुने चित्र कधीच दिसत नाही हे खरे, पण संस्थेचे बोधचिन्ह, सभागृहाचा फोटो आणि हार घातलेले अध्यक्ष हे सगळे दर भेटीला नव्याने उतरतात. डोंगराळ भागात जिथे मोबाइलला जेमतेम एक कांडी असते, तिथे पान उघडायला लागणारा वेळ पाहिला की हा उपाय कोणाच्या सोयीचा आहे, असा प्रश्न पडतो.

वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे तयार साधन वापरणाऱ्यांची एक सवयही नोंदवतो. त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा चढवली की वर्डप्रेस आपण होऊन नावामागे १ जोडतो. आम्हा लोकांना ती शेपटी बेढब वाटते, म्हणून आम्ही आधी जुनी फाइल पुसतो आणि मग नवी त्याच नावाने चढवतो. पत्त्यात फाइल चढवल्याचा महिना येतो, त्यामुळे महिना तोच असेल तर पत्ताही हुबेहूब तोच होतो. जे संरक्षण यंत्रणेने फुकट दिले होते, ते आपण नीटनेटकेपणाच्या हौसेपायी काढून टाकतो.

काही चित्रांचे नाव बदलता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. हवामानाचे उपग्रहचित्र हे त्याचे उत्तम उदाहरण. इन्सॅट-३डीआर या उपग्रहाकडून दर अर्ध्या तासाला नवे चित्र येते, आणि अशी चित्रे इतर अनेक जण आपल्या पानांवर जोडून दाखवत असल्याने पत्ता कायम राहणे सोयीचे असते. अशा ठिकाणी नाव तेच ठेवून 'विचारून घे' किंवा काही मिनिटांचीच मुदत सांगणे हा मार्ग आहे. भारतीय हवामान विभागाच्या उपग्रहचित्रांवर आणखी एक चांगली गोष्ट असते: चित्र केव्हाचे आहे ती तारीख आणि वेळ चित्रातच छापलेली असते. ती जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी किंवा जीएमटी), म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची असू शकते, एवढे ध्यानात ठेवले की चित्र शिळे आहे की ताजे हे पाहणाऱ्यालाच ठरवता येते. आपल्या नोटिसांवर कागदाचा जावक क्रमांक आणि दिनांक असतो खरा, पण तो कोपऱ्यात, हाताने लिहिलेला आणि स्कॅनमध्ये पुसट झालेला. तोच मोठ्या अक्षरांत आला, तर व्हॉट्सॲपवर फिरत राहणाऱ्या चित्रांनाही त्याचा उपयोग होईल. त्यांच्यापर्यंत सर्व्हरची कोणतीच सूचना पोहोचत नाही.

एका बाजार समितीच्या कार्यालयात मला याच प्रश्नाचे निराळे रूप पाहायला मिळाले. तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर कांद्याच्या भावाचा फलक दिवसभर उघडा असे आणि पानातली स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, दर पाच मिनिटांनी तेच चित्र पुन्हा मागवण्याची आज्ञा देई. सर्व्हरवर 'नो-कॅशे' होते, सगळे यथासांग होते, तरी फलकावर सकाळच्या पहिल्या लिलावाचे भाव दुपारपर्यंत तसेच, आणि खाली बाकावर बसलेले शेतकरी एकमेकांना विचारीत की आज बाजार हललाच नाही काय. कारण असे की, एकदा उघडलेल्या पानात एखादे चित्र दाखवून झाले असेल आणि पुन्हा हुबेहूब तोच पत्ता सांगितला, तर ब्राउझर साठ्याचे नियमही न पाहता स्मृतीत असलेलेच चित्र पुढे करतो. एचटीएमएलच्या मानकातच तशी तरतूद आहे. तिथे पत्त्यामागे वेळेचा आकडा लावणे हाच इलाज होता. तो सेकंदाचा न लावता पाच मिनिटांच्या टप्प्याचा लावला, म्हणजे तेच पान आपल्या मोबाइलवर पाहणाऱ्या व्यापाऱ्यांनाही दर वेळी नवी फाइल उतरवावी लागली नाही.

वाचक आणि सर्व्हर यांच्या मधोमध आणखी एक कोठार असू शकते, तेही विसरून चालत नाही. संकेतस्थळाच्या फाइलींच्या प्रती आपल्याकडे ठेवून वाचकांना जलद पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा मूळ ठेवणीनुसार जेपीजी, पीएनजी अशा चित्रांच्या फाइली विस्तारनाम (नावाच्या शेवटची अक्षरे) पाहून साठवतात आणि एचटीएमएल पाने साठवत नाहीत. त्यामुळे शीर्षक नवे आणि चित्र जुने, हा माझ्या शाळेत घडलेला घोटाळा तिथेही घडतो. ते कोठार रिकामे करण्याचे बटण आपल्याला मिळते, पण त्याने रिकामे होते ते आपले कोठार. लोकांच्या मोबाइलमधले डबे तसेच भरलेले राहतात. नवे नाव मात्र दोन्हीकडे एकदमच लागू पडते.

मुळात वेळापत्रक चित्र म्हणून का चढवायचे, हा प्रश्न उरतोच. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि तरीही आपल्या कार्यालयांत नोटीस जुन्या फाँटांत टंकली जाते, ती दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते, म्हणून छापायची, सहीशिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि चित्र चढवायचे, हा द्राविडी प्राणायाम चालू आहे. पाण्याच्या वेळा पानावर साध्या अक्षरांत लिहिल्या तर पान ताजे आले की वेळाही ताज्या येतील, शोधल्यावर सापडतील, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला त्याचा मोबाइल त्या वाचून दाखवू शकेल. सहीशिक्क्याचा कागद ज्यांना हवा त्यांच्यासाठी खाली जोडावा. संकेतस्थळाचे काम देताना नगरपालिका आणि शाळा जे करारपत्र करतात, त्यात पानांची संख्या, रंगसंगती, 'आकर्षक मांडणी' असे सगळे असते. त्यातच, बदललेल्या प्रत्येक सूचनेच्या चित्राला नवे नाव दिले जाईल आणि मुख्य पान दर वेळी तपासून दाखवले जाईल, एवढे एक कलम घातले तर माझ्यासारख्यांना ते पाळावेच लागेल.

त्या शाळेत आम्ही आता फाइलींच्या नावांची एक वही ठेवली आहे. लिपिक सुरुवातीला हसले, जावक क्रमांकाची वही असताना ही दुसरी कशाला म्हणाले, आणि मग जावक क्रमांकच फाइलीच्या नावात घालू लागले. माझ्या डोक्यात न आलेली ही युक्ती मी नंतर चार पतसंस्थांना दिली.

पत्र लिहिणाऱ्या त्या ताईंना एक विनंती आहे. आपल्या मोबाइलवर त्या वेळापत्रकाच्या चित्रावर बोट दाबून धरावे, ते वेगळ्या टॅबमध्ये उघडावे आणि वरचा पत्ता शेवटपर्यंत वाचावा. त्यात तारीख किंवा आकडा काहीच नसेल, तर तोच पत्ता ब्राउझरच्या खासगी खिडकीत, ज्याला इन्कॉग्निटो म्हणतात तिथे, पुन्हा उघडून पाहावा. तिथे नव्या वेळा दिसल्या, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून नगरपालिकेच्या संगणक विभागात दाखवावेत, आणि रिफ्रेश करा असे कोणी म्हणाले तर हे कात्रण पुढे करावे.

आपला विश्वासू,
संकेतस्थळे सांभाळणारा एक वाचक